देवाच्या दारी मतांचा जोगवा

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आलेल्या बाईने परत आल्यावर काय सांगावे, याचा आपल्याकडे एक ठराविक साचा आहे. नायगराचा धबधबा, आरशासारखे रस्ते, भांडी घासणारे यंत्र आणि शेवटी, "पण बाई, आपलं ते आपलंच!" मी मात्र नायगरा पाहिलाच नाही. २०२४ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस मी गेले ती जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहराच्या एका उपनगरात, आणि डिंकाचे लाडू, शेक-शेगडी अन् बाळाची अंघोळ यांतून डोके वर काढते तो काय, दारादारांत निवडणुकीच्या पाट्या रोवलेल्या! अध्यक्षपदाची निवडणूक होती ५ नोव्हेंबरला आणि आमचा पाडवा होता २ नोव्हेंबरला. या दोन तारखांमुळेच पुढची सारी हकिगत घडली.

लेक म्हणाली, "आई, पाडव्याला शेजारच्यांना फराळाला बोलावू या. बाळ झाल्यावर तिघांच्याही घरून जेवण आलं होतं." मी म्हटले, बोलाव. चकलीचा सोऱ्या मी मुंबईहून नेलाच होता.

पाहुण्यांची ओळख करून द्यायला हवी. नावे मुद्दामच देत नाही, शेजारधर्म आहे. उजवीकडच्या घरात एक वृद्ध जोडपे. आजोबा टपालखात्यातून निवृत्त झालेले, बाप्टिस्ट पंथाचे, रविवारची उपासना कधी न चुकविणारे. आजीबाई त्याच देवळात लहान मुलांना गोष्टी सांगणाऱ्या. समोरच्या घरात एक कृष्णवर्णीय मास्तरीणबाई, त्याही बाप्टिस्टच. पण देऊळ वेगळे. पंथ एक, बायबल एक, तरी गोऱ्यांचे देऊळ वेगळे आणि काळ्यांचे वेगळे हे तिथे अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. आणि चौथ्या पाहुण्या आमच्या नगरच्या. अहमदनगरला आता अहिल्यानगर म्हणतात, पण त्यांच्या तोंडी नगरच. मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या, तीस वर्षांपासून अमेरिकेत. तिथल्या नागरिक, म्हणजे मतदार. माझ्याहून पाच-सात वर्षांनीच मोठ्या, पण लेक 'मावशी' म्हणते म्हणून मीही मावशीच म्हणू लागले. सोवळ्याने पुरणपोळी करावी तशी श्रद्धेने त्या नाताळात करंज्या करतात.

आता फराळाला बसल्यावर राजकारण काढू नये हा शिष्टाचार तिथेही आहे. पण आजोबांनी चिवड्याची पहिली मूठ घेतली आणि मास्तरीणबाईंनी सहज विचारले, "काय हो, तुमच्या उमेदवाराचं ते बायबल घेतलंत की नाही?"

वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. २०२४ च्या मार्च महिन्यात, ईस्टरच्या तोंडावर, डोनाल्ड ट्रम्प यांनी एका बायबलची जाहिरात केली होती. त्यात बायबलच्या जोडीला अमेरिकेची राज्यघटना छापलेली, आणि किंमत ५९ डॉलर ९९ सेंट. आपल्याकडे एखाद्या पुढाऱ्याने सटीक ज्ञानेश्वरी स्वतःच्या शिफारशीने विकायला काढावी, तसाच प्रकार.

आजोबा हसले. "घरात सात बायबलं आहेत. आठवं कशाला?"

"पण मत दिलंत ना?"

"दिलं. मुदतीआधीच जाऊन दिलं." जॉर्जियात मतदान आधी तीन आठवडे चालू असते.

"मग मला एवढंच सांगा," मास्तरीणबाई म्हणाल्या, "हा माणूस खरंच देवाला मानतो असं तुम्हांला वाटतं?"

ताटांवर क्षणभर शांतता पसरली. जावई उठून चहा टाकायला गेला. पुरुषांना अशा वेळी स्वयंपाकघर बरे आठवते!

मी या मंडळींना हसण्याआधी जरा चौकशी केली, आणि लक्षात आले की हा प्रश्न त्या देशाइतकाच जुना आहे. त्यांच्या घटनेतच कलम आहे की, कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची परीक्षा घेतली जाणार नाही. कायद्याने परीक्षा नाही. पण मतदार घ्यायची ती घेतोच! १८०० सालच्या निवडणुकीत जेफर्सन नास्तिक आहे अशी हाकाटी झाली, तरी तो निवडून आला. १८४६ साली लिंकन काँग्रेससाठी उभा होता. त्याच्यासमोर उमेदवार होता एक नामांकित मेथडिस्ट धर्मोपदेशक! लिंकनला धर्म नाही अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा त्याने एक पत्रक काढले. मी कोणत्याही चर्चचा सभासद नाही हे खरे, पण धर्मग्रंथाचे सत्य मी कधी नाकारलेले नाही आणि धर्माचा जाणूनबुजून अनादर केलेला नाही, असा त्याचा आशय. घाईघाईने बाप्तिस्मा घेऊन सभासद होणे त्याला अवघड नव्हते. त्याने ते केले नाही, आणि धर्मोपदेशकाला हरवून तो निवडून आला.

पुढे एक काळ असा आला की चर्चचा सभासद नसलेला अध्यक्ष लोकांना चालेना. जनरल आयसेनहॉवर अध्यक्ष झाले ते १९५३ च्या जानेवारीत, आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १ फेब्रुवारीला. म्हणजे शपथविधीनंतर बाराव्या दिवशी! त्यांच्याच कारकिर्दीत, १९५४ साली, शाळेतल्या मुलांच्या राष्ट्रनिष्ठेच्या प्रतिज्ञेत देवाचे नाव आले आणि १९५६ साली देवावरील विश्वास हे राष्ट्राचे ब्रीदवाक्य ठरले. तो काळ देव न मानणाऱ्या साम्यवादी रशियाशी झुंजण्याचा होता. मग यात श्रद्धा किती आणि राजकारण किती? आयसेनहॉवर यांच्या मनात शिरून कोण पाहणार?

१९६० साली तर उलटाच पेच. केनेडी कॅथलिक. हा मनुष्य अमेरिकेचे ऐकेल की पोपचे, अशी प्रॉटेस्टंट लोकांना धास्ती. १२ सप्टेंबर १९६० रोजी ह्यूस्टन शहरात धर्मोपदेशकांच्या भरसभेत जाऊन केनेडींनी सांगितले की, मी कॅथलिकांचा उमेदवार नाही. मी माझ्या पक्षाचा उमेदवार आहे आणि तो योगायोगाने कॅथलिक आहे. गंमत पाहा. तेव्हा मते मिळवायला धर्म बाजूला ठेवतो असे सांगावे लागले. पुढे वीस वर्षांत मते मिळवायला धर्म छातीवर लावून फिरावे लागू लागले.

हे सारे मला नंतर कळले. त्या दिवशी मात्र आजोबांनी जे उत्तर दिले ते पुस्तकातले नव्हते.

"बाई," ते मास्तरीणबाईंना म्हणाले, "मी सव्वीस वर्षांचा होतो तेव्हा एका खऱ्या भक्ताला मत दिलं. आमच्याच जॉर्जियाचा, प्लेन्स गावचा. जिमी कार्टर! रविवारी मुलांना बायबल शिकवणारा माणूस. १९७६ साली आम्हांला वाटलं, आता देव पावला! मग काय झालं? महागाई कळसाला गेली, इराणमध्ये आमची बावन्न माणसं ४४४ दिवस ओलीस पडली. तेव्हा मी शिकलो. विमान चालवणारा किती वेळा प्रार्थना करतो हे मी विचारत नाही. त्याला विमान उतरवता येतं का एवढंच विचारतो."

"म्हणून रेगन?"

"म्हणून रेगन."

यात एक मोठीच विसंगती होती आणि ती आजोबांनाही ठाऊक होती. १९८० साली एकीकडे कार्टर होते: एकपत्नीव्रती, रोज बायबल वाचणारे. दुसरीकडे रेगन: घटस्फोट होऊन पुन्हा लग्न केलेले, देवळात क्वचितच दिसणारे. पण आदल्याच वर्षी जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाने 'मॉरल मेजॉरिटी' नावाची संघटना काढली होती, आणि ऑगस्ट १९८० मध्ये डॅलसला हजारो धर्मोपदेशकांच्या मेळाव्यात रेगन यांनी त्यांची मने जिंकली. तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही हे मी जाणतो, पण माझा तुम्हांला पाठिंबा आहे, अशा अर्थाचे ते चतुर वाक्य होते. १९५४ च्या कायद्याने करमाफी घेणाऱ्या देवळांना उमेदवाराचा प्रचार करण्याची मनाई घातली होती, त्याला ही बगल! जॉर्जियाने दोन्ही वेळा कार्टरनाच कौल दिला. पण धर्मनिष्ठ गोऱ्या मतदारांचा मोठा लोंढा देशभर रेगनकडे वळला तो वळलाच.

"पण गर्भपाताचा प्रश्न विसरू नका," आजोबा पुढे म्हणाले. "१९७३ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो हक्क दिला. पन्नास वर्षं प्रत्येक उमेदवार आमच्या देवळात येऊन म्हणायचा, मी तुमच्या बाजूचा. आणि ज्याला 'करिंथकरांस दुसरे पत्र' हे नावसुद्धा धड म्हणता आलं नाही, त्यानं तीन न्यायाधीश नेमले आणि २०२२ मध्ये तो निकाल फिरला. आता सांगा, खोटं कोण बोललं?"

त्या पत्राचा किस्सा असा. २०१६ च्या जानेवारीत लिबर्टी विद्यापीठात, म्हणजे फॉलवेल यांनीच काढलेल्या संस्थेत, ट्रम्प यांनी त्या पत्राचा उल्लेख 'दुसरे करिंथ' असा न करता 'दोन करिंथ' असा केला आणि विद्यार्थ्यांत हशा पिकला. इंग्लंडात तसेच म्हणतात, असे त्यांचे पाठीराखे म्हणाले. पण कीर्तनकाराने 'अध्याय दुसरा' म्हणण्याऐवजी 'दोन अध्याय' म्हटले तर आपल्याकडची आजी जशी पदर तोंडाला लावील, तसेच तिथे झाले. त्या वर्षी मतदानानंतरच्या पाहणीत मात्र गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी त्यांनाच मत दिल्याचे दिसले.

आजोबांकडे आणखी एक दाखला होता. इराणचा प्राचीन राजा सायरस. तो यहुद्यांच्या देवाचा भक्त नव्हता, पण बाबिलोनच्या बंदिवासातून यहुद्यांना त्यानेच घरी पाठविले. आणि यशयाच्या ग्रंथात देव त्याला आपला अभिषिक्त म्हणतो. देव आपले काम कुणाकडूनही करून घेतो, असा मुद्दा.

मास्तरीणबाई शांतपणे करंजी खात होत्या. ती संपवून त्यांनी हात पुसले. "सायरसनं हातात धर्मग्रंथ धरून छायाचित्र काढून घेतल्याचं माझ्या वाचनात नाही," त्या म्हणाल्या. १ जून २०२० रोजी व्हाईट हाऊसजवळच्या चौकातून निदर्शकांना बळाने हटविल्यानंतर ट्रम्प सेंट जॉन्स चर्चसमोर बायबल उंच धरून उभे राहिले होते, त्याचा हा टोला. त्या चर्चच्या बिशपबाईंनीच तेव्हा जाहीर नापसंती व्यक्त केली होती.

आजोबाही काही कमी नव्हते. "आणि तुमच्या बाई? दोन आठवड्यांपूर्वी तुमच्याकडे येऊन गेल्या ना?"

ते खरे होते. २० ऑक्टोबरला, आपल्या साठाव्या वाढदिवशी, कमला हॅरिस अटलांटाजवळच्या स्टोनक्रेस्ट येथील न्यू बर्थ चर्चमध्ये आल्या होत्या आणि चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर बोलल्या होत्या. मास्तरीणबाई त्या गर्दीत होत्या. "उपासना संपवून लोकांना थेट मतदानाला न्यायचं, हे राजकारण नाही?" आजोबांनी विचारले. "आणि एबनेझर चर्चचे मुख्य पाळक २०२१ पासून सिनेटर आहेत. ते धर्मकारण का?"

"आमच्या लोकांना मत द्यायचा हक्कच देवळानं मिळवून दिला," मास्तरीणबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "त्याच एबनेझरच्या व्यासपीठावरून मार्टिन ल्यूथर किंग बोलायचे. १९६५ चा कायदा झाला तेव्हा माझ्या आईला पहिल्यांदा मत देता आलं. किंगनी स्वतःसाठी मत मागितलं नाही. आमच्याकडे देऊळ आणि मतपेटी वेगळी ठेवायची चैन कुणाला परवडत होती?" मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "तरी खरं सांगते. हॅरिस बोलत होत्या तेव्हा मीही मनात म्हटलं, हा रविवार निवडणुकीचा नसता तर त्या आल्या असत्या का?"

हे ऐकून आजोबा गप्प झाले. समोरच्याने प्रामाणिकपणा दाखविला की भांडायचे तरी कसे?

इतका वेळ आजीबाई एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आता त्या म्हणाल्या, "आमची मुलगी दोन हजार वीसपासून घरी आलेली नाही."

ते छायाचित्र पाहून मुलीने वडिलांना फोन केला होता. तुम्ही मला लहानपणी शिकवलेत ते हेच का, असे तिने विचारले. वडील म्हणाले, तू आता देवळातच जात नाहीस, तुला विचारायचा काय अधिकार? त्यावर तिने फोन ठेवला. ती टेनेसीत असते. मोटारीने चार तासांची वाट. नातवंडांचे फोटो आजीबाईंच्या फोनवर येतात, आजोबांच्या नाही.

"ती देऊळ सोडून गेली ते देवामुळे नाही," आजीबाई म्हणाल्या. "आम्ही तिला सांगितलं होतं की चारित्र्य महत्त्वाचं. क्लिंटनच्या वेळी ह्यांनी जेवणाच्या टेबलावर तासभर व्याख्यान दिलं होतं. तिला ते पाठ आहे."

आजोबांनी खिडकीबाहेर पाहिले. आता तिथे राजकारण उरले नव्हते. बापलेकीचे दुःख उरले होते.

विषय बदलावा म्हणून त्यांनी मला विचारले, "तुमच्याकडेही पुढारी असं करतात का?"

काय सांगणार? आदल्याच रात्री आमच्या ह्यांचा दादरहून फोन आला होता. महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते, म्हणजे ऐन दिवाळीत प्रचार. एक उमेदवार दिवाळी पहाटेच्या गाण्यांना पहिल्या रांगेत येऊन बसला, डोळे मिटून अभंगाला टाळी देत होता, आणि छायाचित्रकार गेल्यावर चौथ्या मिनिटाला उठून गेला! हे सांगताना ह्यांचा संताप अनावर झाला होता. मी त्यांना म्हटले होते, "अहो, तुम्ही तरी अभंग ऐकत होतात की घड्याळ पाहत होतात?" हा किस्सा मी सांगितला, तेव्हा सगळेच मनापासून हसले. हसण्याला भाषांतर लागत नाही.

मग नगरच्या मावशी बोलल्या. आधी मला मराठीत म्हणाल्या, "ताई, हे सांगावं की नाही कळत नाही," आणि मग सर्वांना इंग्रजीत सांगितले.

१८९९-१९०० च्या दुष्काळात त्यांच्या पणजोबांचे घर उद्ध्वस्त झाले. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून होते. दुष्काळात मिशनने माणसे जगविली, अनाथ पोरे सांभाळली. पणजोबांनी तेव्हा बाप्तिस्मा घेतला. सारा गाव म्हणाला, भाकरीसाठी बाटला. पुढे चांगले दिवस आले, शेत परत मिळाले, तरी ते दर रविवारी सहा मैल चालत उपासनेला जात राहिले. पण शेवटपर्यंत लोक तेच म्हणत राहिले: भाकरीसाठी बाटला.

"माझ्या आजीनं त्यांना एकदा विचारलं होतं," मावशी म्हणाल्या, "बाबा, खरंच भाकरीसाठी का? ते म्हणाले, पहिल्या दिवशी भाकरीसाठीच गेलो होतो. दुसरं काय दिसत होतं तेव्हा? पण भाकर मिळाल्यावरही मी गेलो, त्याचं काय ते लोकांना विचार. म्हणून ताई, कुणाची भक्ती खोटी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आमच्या घराण्याला लोकांनी शंभर वर्षं तेच म्हटलंय."

आजोबांनी मान डोलविली. त्यांना वाटले, मावशी आपल्या बाजूने बोलल्या.

"पण एक आहे," मावशी म्हणाल्या. "माझ्या पणजोबांनी आपला बाप्तिस्मा दाखवून कुणाकडे काही मागितलं नाही. देवळात परुशी आणि जकातदार दोघेही गेले होते. दोघांचीही प्रार्थना देवानं ऐकली असेल. पण परुशी निवडणुकीला उभा असता तर छायाचित्र त्याचंच छापून आलं असतं, नाही का?"

त्यांचे मत कुणाला, हे त्यांनी अखेरपर्यंत सांगितले नाही. आम्ही विचारलेही नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी आजीबाईंबरोबर त्यांच्या देवळात गेले. पाळकांनी दोन्ही उमेदवारांसाठी प्रार्थना केली. निदान ओठांनी तरी सगळ्यांनी 'आमेन' म्हटले. परत येताना आजीबाई म्हणाल्या, "मी मंगळवारी मत देणार आहे. कुणाला ते ह्यांना सांगणार नाही. प्रार्थना करायची तर खोलीचं दार लावून कर, असं प्रभूनं सांगितलंय. मी मतही तसंच देणार आहे."

मंगळवारी निकाल काय लागला ते सर्वांना ठाऊकच आहे. जॉर्जियासकट ट्रम्प निवडून आले, आणि गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांत त्यांचा वाटा पुन्हा ८० टक्क्यांच्या घरात राहिला. मास्तरीणबाईंनी दोन दिवस पडदे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी आजोबा स्वतः त्यांच्या अंगणातली पाने गोळा करताना दिसले. बोलणे झाले की नाही, देव जाणे.

मी परत आले, २० तारखेला दादरच्या शाळेत रांगेत उभी राहून मत दिले. ज्याने अभंगाला टाळी दिली होती त्याने आमच्या भागातल्या पाण्याच्या तक्रारीचे काय केले, एवढे आधी चौकशी करून ठेवले होते. कुणाला दिले ते ह्यांनी विचारले. मी दार लावून घेतले!

पुढची हकिगत लेकीने कळविली. जिमी कार्टर यांनी १ ऑक्टोबरला शंभरी गाठली होती, टपालाने मतही दिले होते. २९ डिसेंबर २०२४ रोजी ते वारले. अध्यक्षपद सुटल्यावर कित्येक दशके ते प्लेन्सच्या छोट्या देवळात रविवारचा वर्ग घेत राहिले. गरिबांच्या घरांसाठी स्वतः हातोडा चालविला, आफ्रिकेतल्या नारूच्या रोगामागे हात धुऊन लागले. त्या वेळी कुणाचे मत मिळवायचे नव्हते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांचे पार्थिव अटलांटाच्या कार्टर सेंटरमध्ये दर्शनासाठी ठेवले होते. रात्रंदिवस रांग चालू होती.

आजोबा म्हणाले, मला जायचंय. आजीबाईंनी टेनेसीला फोन लावला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. काय बोलणे झाले ते लेकीला ठाऊक नाही. पण त्या थंडीत रांगेत तिघे उभे होते: आजोबा, आजीबाई आणि मधे त्यांची मुलगी. १९८० साली ज्याला त्यांनी मत नाकारले होते, त्याच्यासाठी चव्वेचाळीस वर्षांनी आजोबा टोपी काढून उभे होते.

मास्तरीणबाईंनी घरी परतल्यावर तिघांना जेवायला बोलावले. लेकीने सोबत चकल्या पाठविल्या होत्या. सोऱ्या मी तिथेच ठेवून आले आहे.